ते वाक्य नागम्माचं

कवडे सरांनी निबंधाचं शेवटचं पान दोन बोटांच्या चिमटीत असं उचललं होतं, जसं काही वहीत कुणी मेलेलं झुरळ दाबून ठेवलंय.

"हे काय आहे, शिवलीला?"

"संदर्भ, सर."

"संदर्भ!" सरांनी स्टाफरूममधल्या बाकीच्या दोघा सरांकडं बघितलं, म्हणजे मजा एकट्यानं घ्यायला नको. "दहावीच्या पोरीच्या निबंधाला संदर्भ. ऐका. एक, खैरुनबी, खव्याची भट्टी, एस.टी. स्टँडच्या मागं, भूम. दोन, शाळेच्या वाचनालयातलं दूधधंद्याचं पुस्तक, पान एकेचाळीस ते चव्वेचाळीस. तीन, कुमारमामा, खवा टेम्पोनं पोचवणारे. अगं, ही काय लग्नपत्रिका आहे का, खाली निमंत्रक छापायला?"

दोघं सर हसले. मागच्या वर्षीची शिवलीला असती तर इथंच मान खाली घालून बुटाच्या टोकानं फरशी उकरत बसली असती. पण यंदाची शिवलीला वेगळी होती. तिनं सरांचं हसून होईस्तोवर वाट बघितली आणि मग म्हणाली, "व्हय सर, तसंच समजा. ह्या तिघांनी बोलावलं म्हणून निबंध झाला."

सर गंभीर झाले. त्यांनी पान खाली ठेवलं आणि निबंध हातात घेतला. आता त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि ते जास्त धोक्याचं होतं.

"हे बघ पोरी. निबंध एक नंबर आहे. अठरा वर्षं शिकवतोय, खव्याच्या भट्टीवर असं कुणी लिहिलं नव्हतं. आणि हे वाक्य: 'दूध बोलायचं थांबलं की खवा झाला.' काय वाक्य आहे! काटा आला माझ्या अंगावर. पण एवढ्या सुंदर वाक्याला तू ही दोन्हीकडून शिंगं कशाला लावलीस?"

शिंगं म्हणजे अवतरणचिन्हं.

"ते वाक्य माझं न्हाय, सर. खैरुनचाचीचं आहे."

"कुणाला माहीत आहे?"

"मला."

सरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी तिला समजावून सांगितलं, अगदी मनापासून, की परीक्षक हे पान बघून काय म्हणतील. म्हणतील, या पोरीनं इकडून उचललं, तिकडून उचललं आणि वर लेखी कबुलीजबाबही दिला. "कॉपी करणारा पकडला जातो गं, पण स्वतःहून यादी करून देणारी तू पहिलीच. बोर्डाच्या पेपरात उत्तराखाली लिहितेस का, हे मला अमक्या सरांनी शिकवलं?"

"तिथं विचारत न्हाईत, सर. विचारलं तर लिहीन."

"बास!" सरांनी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या काचेच्या कपाटाकडं बोट दाखवलं. सात वर्षं झाली, तालुक्याच्या निबंध स्पर्धेची शिल्ड त्या कपाटात आली नव्हती. मधल्या फळीवर तिची जागा मोकळी ठेवलेली होती आणि शिपाईमामा ती जागासुद्धा रोज पुसत. "यंदा येणार. उद्या निबंध टाईप करून पाठवायचाय. पान काढ, शिंगं काढ, नाव काढ. कळलं?"

आता मागच्या वर्षाचं सांगायलाच पाहिजे, नाहीतर ही पोरगी एवढी का अडून बसली ते समजायचं नाही.

या स्पर्धेची रीत अशी, की निबंध आधी लिहून द्यायचा आणि ठरलेल्या दिवशी स्टेजवर जाऊन तोच वाचून दाखवायचा. मागच्या वर्षी विषय होता पाणी. शिवलीलानं बाजारातल्या गाईडातला निबंध स्वल्पविरामासकट पाठ केला होता. 'पाणी नसते तर ही वसुंधरा एक निर्जीव गोळा ठरली असती,' अशी त्याची झोकदार सुरुवात. तिचा नंबर सहावा. आणि झालं काय, तर तिच्या आधीच्या पाचातल्या तिघांनी तीच वसुंधरा आणि तोच गोळा ऐकवून झाला होता. शिवलीलानं माईकसमोर तोंड उघडलं, "पाणी नसते तर..." आणि मागच्या रांगांतल्या तीस-चाळीस पोरांनी एका सुरात वाक्य पुरं केलं. परीक्षकसुद्धा हसले. पुढं महिनाभर शाळेत तिला कुणी शिवलीला म्हटलं नाही. 'ए निर्जीव गोळ्या' अशीच हाक. डबा खाताना, कवायतीला, एकदा तर भर प्रार्थनेत.

तेव्हा तिनं ठरवलं की मरेपर्यंत दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून बोलायचं नाही.

पण नुसतं ठरवून कसं जमणार? ते तिला मावसबहिणीनं शिकवलं. सृष्टीताई धाराशिवला कॉलेजात होती आणि तिचा प्रोजेक्ट तिच्या मॅडमनी तीन वेळा परत केला होता. प्रत्येक पानावर लाल पेनानं एकच प्रश्न: 'कुठून घेतलं?' चौथ्यांदा तो पास झाला आणि दिवाळीच्या सुट्टीत ताईनं सगळी विद्या शिवलीलाच्या डोक्यात ओतली. "दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं घेतलं तर अवतरणचिन्हात टाकायचं, नाव लिहायचं. आपल्या शब्दांत मांडलं, पण विचार त्याचा असला, तरी नाव त्याचंच. पुस्तक असलं तर पान नंबर. आणि हे चोराचं काम न्हाय, सावाचं काम हाय, लक्षात ठेव."

यंदा विषय आला, 'आपल्या भागातील एक उद्योग'. शिवलीला आठ दिवस शाळा सुटल्यावर भट्टीवर जाऊन बसली. केसांना, दप्तराला, गणिताच्या वहीलासुद्धा धुराचा आणि आटलेल्या दुधाचा वास लागला. आई म्हणाली, "तुला आता पेढ्यावर ठेवतात तसला कागद लावते." पण निबंध असा उतरला की लिहिताना तिचं तिलाच हसू फुटत होतं.

आणि आता सर म्हणत होते, नाव काढ.

खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी शिवलीला डळमळली. शिल्ड तिलाही पाहिजे होती. सात वर्षांची मोकळी जागा आपल्यामुळं भरली, हे चित्र काही वाईट नव्हतं. नाव काढायचं म्हणजे कुणाचा खून तर करायचा नव्हता. आणि चाचीलाच विचारलं आणि चाचीच 'काढ' म्हणाली, तर मग प्रश्नच मिटला! ती तशीच भट्टीवर गेली.

भट्टीवर दोन मोठ्या कढया. एकीवर खैरुनबी, साठी उलटलेली, पदर डोक्यावरून घट्ट खोचलेला, हातात वावभर लांब दांड्याचं उलथणं.

"आली का बालिष्टर? हात रिकामा ठिवून बोलू नको. ते दुसरं उलथणं धर, खाली लागंल."

शिवलीलानं उलथणं धरलं. चार फेरे झाल्यावर म्हणाली, "चाची, निबंधातनं तुमचं नाव काढलं तर राग येईल?"

"कायकू राग, बेटा? माझं नाव रेशनच्या कार्डावर हाय, तेवढं बस हाय मला."

शिवलीलाच्या छातीवरचं ओझं टपकन उतरलं. मिटलं की! पण चाचीचं संपलं नव्हतं. "कशावर घातलं व्हतंस गं नाव?"

"ते तुमचं वाक्य न्हाय का, दूध बोलायचं थांबलं की खवा झाला."

खैरुनबीनं मान वळवली. हात मात्र फिरतच होता. "हे म्या कवा म्हटलं? हे तर नागम्माचं."

"अहो, तुम्हीच परवा सांगितलं!"

"सांगितलं म्हंजी माझं झालं व्हय? उद्या तू मला येऊन सांगितलंस पाऊस आला, तर काय पाऊस तुझा?"

शिवलीलाला एकदम हसू आलं आणि लगेच थांबलंही, कारण खैरुनबी हसत नव्हती.

"कोण नागम्मा?"

"तू धरलीस ती कढई तिची. नळदुर्गाकडची, कानडी बाई. मराठी अशी बोलायची, जसं पायात काटा मोडलाय. बावीस वर्षं ह्या धुरात. धुरानं डोळे गेले तिचे. आधी एक, मग दुसरा. मालक म्हटला, नागम्मा, आता घरी बस. ती म्हटली, मला दिसत न्हाय, पर ऐकू येतंय की! आन् अशी कान वाकडा करून बसायची. दूध आधी लई बडबड करतंय. मग कुजबुजतंय. मग गप. गप झालं की वराडायची, उतरा! चार वर्षं डोळ्याबिगर खवा काढला तिनं. एक कढई जळली न्हाय, का एक कच्ची राहिली न्हाय. तवाचं हाय ते बोलणं तिचं."

"आता कुठं असते?"

"गेली. करोनाच्या आधल्या साली. ना पोर, ना बाळ. कुठं नावबी लिवलेलं न्हाय तिचं."

कढईतलं दूध आता कुजबुजत होतं. इतके दिवस शिवलीलानं ते ऐकलं होतं, पण आज तिनं डोळे मिटले. मिटल्यावर भट्टी एकदम मोठी झाली, भीतीदायक झाली. जाळ कुठल्या बाजूनं लागतोय कळेना, उलथणं काठाला आदळलं, मनगटाला चटका बसला. तिनं झटकन डोळे उघडले. तिला दहा श्वाससुद्धा जमलं नव्हतं.

"हिकडं बग," खैरुनबी म्हणाली. फडक्यावर थंड होत ठेवलेल्या खव्याच्या गोळ्यांवर ज्या-त्या बाईच्या बोटांची खूण दाबलेली होती. खैरुनबीची दोन बोटं, पलीकडच्या बाईचा अंगठा. "खवा खराब निघाला तर खूण बघून मालक मलाच बोलतो. चांगला निघाला तर पेढेवाला म्हणतो, दोन बोटांचा द्या. दुसरीची खूण पुसून आपली दाबली, तर त्या बाईला कुठल्या भट्टीवर उभं करत न्हाईत. समजलं? माझं नाव खोड. नागम्माचं घाल. आन् मी सांगितलं म्हणून घालायचंच असंल, तर माझं खाली घाल, बारीक."

सृष्टीताईनं हाच नियम दिवाळीत दोन दिवस समजावला होता आणि तरी तो शिवलीलाच्या डोक्यात शिरला नव्हता. चाचीनं उलथणं फिरवता फिरवता तो बसवून टाकला.

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या टेबलासमोर उभी राहिली. "सर, यादी कमी न्हाय झाली. एक नाव वाढलंय."

सरांनी वर पंख्याकडं बघितलं. तिनं नागम्माची सगळी गोष्ट सांगितली. सर ऐकत होते, मधे एकदा पेनसुद्धा थांबवलं त्यांनी. शेवटी म्हणाले, "ठेव तिथं. बघतो."

शिवलीलाला वाटलं, झालं! ती उड्या मारतच वर्गात गेली. मोठी माणसं 'बघतो' कशासाठी म्हणतात, हे तिला सोळाव्या वर्षी तरी कळायला पाहिजे होतं.

शनिवारी स्पर्धेचं सभागृह गच्च भरलं होतं. शिवलीलाबरोबर तिची मैत्रीण वैष्णवी आली होती, टाळ्या वाजवायला, आणि गरज पडली तर कुणाशी भांडायला. कवडे सर कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. नाव पुकारायला पाच मिनिटं उरली तेव्हा सरांनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमधला टाईप केलेला निबंध तिच्या हातात दिला.

तिनं पानं चाळली. शेवटचं पान नव्हतं. तिनं मधलं पान काढलं. तिथं लिहिलं होतं: 'मला नेहमी वाटते, दूध बोलायचे थांबले की खवा झाला.'

शिंगं नव्हती. खैरुनबी नव्हती. नागम्मा तर नव्हतीच. आणि खाली ठळक अक्षरांत, कु. शिवलीला मल्हार गोरे.

"सर, हे मी लिहिलेलं न्हाय."

"तूच लिहिलंयस. मी फक्त स्वच्छ केलं."

"स्वच्छ?"

"हळू बोल. परीक्षकांकडं हीच प्रत गेलीय. नियम सात वाचलास ना? दिलेल्या कागदाबाहेर एक शब्द बोललीस की स्पर्धक बाद. तेव्हा शहाण्यासारखी वाच आणि शिल्ड घेऊन ये. मग तुझ्या त्या नागम्माचा फोटो लाव हवं तर शाळेत, मी हार घालतो."

"तिचा फोटो न्हाय, सर. तिचं एवढं वाक्यच हाय."

"गोरे शिवलीला मल्हार!" माईकवरनं पुकारा झाला.

ती स्टेजवर चढली. तिनं वाचायला सुरुवात केली आणि पहिल्या परिच्छेदालाच सभागृह गप्प झालं. पहाटेची दुधाची किटली, भट्टीतला पहिला जाळ, कुमारमामाच्या टेम्पोचा न वाजणारा हॉर्न. परंड्याहून आलेल्या परीक्षक मॅडम लिहायचं थांबवून वर बघायला लागल्या. मागच्या रांगेतलं कुणी चिडवत नव्हतं. शिल्ड अगदी हाताच्या अंतरावर आली होती, तिलाही दिसत होती, पहिल्या रांगेतल्या कवडे सरांनाही दिसत होती. सर तर हसायलाच लागले होते.

मग ते वाक्य आलं.

'मला नेहमी वाटते.' शिवलीला थांबली. नेहमी? ती आठ दिवस भट्टीवर गेली होती. दोन धडधाकट डोळे घेऊन. तिला असं कधी वाटलंच नव्हतं. ज्या बाईला असं वाटलं, तिला त्यासाठी दोन्ही डोळे द्यावे लागले होते.

"इथून पुढचं वाक्य माझं न्हाय," शिवलीला माईकमध्ये म्हणाली.

मॅडमनी कागद बघितला. "हे मजकुरात आहे?"

"न्हाय, मॅडम. मजकुरातनं काढलंय. म्हणून तोंडी सांगते. 'दूध बोलायचं थांबलं की खवा झाला.' हे वाक्य नागम्माचं आहे. त्या नळदुर्गाकडच्या. भूममधल्या भट्टीवर बावीस वर्षं होत्या. शेवटची चार वर्षं त्यांना दिसत नव्हतं, त्या कानानं खवा काढायच्या. मला हे खैरुनबींनी सांगितलं."

शेजारच्या परीक्षकांनी टेबलावरची घंटी वाजवली. "ए बाळ, नियम सात माहीत आहे ना?"

"माहीत आहे, सर. मी बाद झाले. आता बाद झालेच आहे, तर सगळं सांगूनच जाते." आणि तिनं श्वास घेतला. "भट्टीची बाकीची माहिती खैरुनबींची. खवा कुठं कुठं जातो ते कुमारमामांनी सांगितलं. दुधातलं पाणी किती टक्के ते पुस्तकातलं, पान एकेचाळीस ते..."

कुणीतरी माईक बंद केला.

"...ते चव्वेचाळीस!" शिवलीला माईकशिवाय म्हणाली. जाळाच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय तिला झाली होती, शेवटच्या खुर्चीपर्यंत आकडा पोचला. "आणि टेम्पोच्या हॉर्नचं वाक्य माझं. त्याला हसला असाल तर ते हसू माझ्या नावावर!"

वैष्णवीनं अशी शिट्टी मारली की दारातला शिपाई दचकला. मागची पोरं टाळ्या वाजवायला लागली, कशासाठी हे निम्म्यांना माहीत नसेल, पण वाजवत होती. घंटी वाजतच होती. शिवलीला कागद टेबलावर ठेवून सावकाश उतरली.

तिच्यानंतर एक चष्मेवाली पोरगी होती, आठवीतली. ती माईकसमोर आली, तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मग परीक्षकांकडं बघून रडवेल्या आवाजात म्हणाली, "मॅडम, माझं गाईडातलं हाय. पान बावीस. सांगून वाचलं तर चालतंय का?"

सभागृह फुटलं. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले, हसून की वैतागून ते लांबून कळलं नाही. शेजारच्या परीक्षकांनी घंटीच उचलून टेबलाखाली ठेवली. पोरीला वाचू दिलं.

शिल्ड दुसऱ्याच शाळेला गेली. शिवलीलाचं नाव उत्तेजनार्थमध्येसुद्धा नव्हतं. एका कागदावर सगळ्या स्पर्धकांचे गुण लावले होते, तिच्या नावापुढं नुसती आडवी रेघ.

कवडे सर व्हरांड्यात उभे होते. इस्त्री तशीच कडक होती, माणूस मात्र खांद्यातून उतरला होता. ते तिच्याकडं न बघता म्हणाले, "आठवं वर्ष. हातात आलेली शिल्ड गेली. कुणामुळं गेली, सांग."

वाईट तिलाही वाटलं. सरांनी टायपिंगला स्वतः बसून तीन तास घालवले होते, हे तिला माहीत होतं. पण मान खाली गेली नाही.

"माझ्यामुळं, सर," शिवलीला म्हणाली. "ते सगळं माझं स्वतःचं. कुणाकडनं घेतलेलं न्हाय. पाहिजे तर लिहून देते, खाली सही करून."

सरांनी खिशातून किल्ली काढली. ते मोटारसायकलीकडं गेले. शिवलीलानं वैष्णवीचा हात धरला आणि दोघी मोठमोठ्यानं बोलत, एकमेकींची वाक्यं तोडत, स्टँडच्या मागच्या रस्त्याला लागल्या. भट्टीवर जाऊन सगळं अगदी पहिल्यापासून सांगायचं होतं.